कागदावर ऑफिस, रात्री बेडरूम

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘बेसमेंटमध्ये इग्रेस विंडो, म्हणजे आगीत बाहेर पडायची खिडकी, कशी बसवावी’. तिकडे येतोच, पण आधी एक तक्रार.

बेसमेंट फिनिश करताना आपला जीव होम थिएटरमध्ये आणि गणपतीला किती पानं उठतील यात. कोपऱ्यात एक खोली असते. परमिटच्या नकाशावर ती ‘ऑफिस’, आणि मे महिन्यात आईबाबा आले की तिथे पलंग पडतो. इन्स्पेक्टरला ऑफिस दाखवाल, धुराला काय दाखवणार? आग किचनमध्ये लागली तर बेसमेंटचा एकुलता एक जिना बऱ्याच घरांत तिच्याच तोंडाशी उघडतो. म्हणून अमेरिकेतली आयआरसी, म्हणजे घरबांधणीची नमुना नियमावली, म्हणते, बेसमेंटमधल्या झोपायच्या प्रत्येक खोलीला थेट बाहेर उघडणारी वाट हवी. शेजारच्या हॉलमध्ये आहे, हे उत्तर चालत नाही. (तुमच्या गावाचे नियम वेगळे असू शकतात, तेवढं बिल्डिंग खात्यात विचारा.)

आता मापं, कारण खरा घोटाळा इथेच होतो. रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच. हे वाचून लोक २० बाय २४ ची खिडकी आणतात. गुणाकार करा: ४८० चौरस इंच, म्हणजे ३.३ चौरस फूट. आणि हवेत ५.७! जमिनीलगतच्या खिडकीला ५ चालतात, पण तेवढेही होत नाहीत. २० इंच रुंदीच धरलीत तर ५.७ साठी उंची ४१ इंचांच्या वर जाते. शिवाय हे माप खिडकी पूर्ण उघडल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या जागेचं आहे, लेबलवरचं नाही. पाठीवर हवेची टाकी घेतलेला फायरफायटर त्यातून आत यायचाय. सरकती खिडकी अर्धीच उघडते, त्यामुळे दुप्पट रुंद घ्यावी लागते. दारासारखी उघडणारी केसमेंट उत्तम, पण बिजागरी ‘इग्रेस’वाली मागा; साध्या बिजागरीत उघडलेलं तावदान वाटेतच उभं राहतं. खालची कड फरशीपासून ४४ इंचांच्या वर नको. आजींसाठी त्याहून खाली घ्या आणि त्या खिडकीखाली ट्रेडमिल ठेवू नका. हसताय, म्हणजे ठेवलीय!

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा बसवणं भराभर.

परमिट काढा. खिडकीबाहेर खणायच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करा, गॅस-विजेच्या लाइनींवर फुकट खुणा करून देतात. जुनी छोटी खिडकी पुरेशी रुंद असेल तर तिची रुंदी तशीच ठेवून फक्त खाली कापा, वरच्या लिंटेलला, म्हणजे भिंतीचा भार पेलणाऱ्या तुळईला, हात लागत नाही. रुंदी वाढवायची तर आधी इंजिनिअर. काँक्रीटची भिंत ८ किंवा १० इंचांची; १४ इंची ब्लेड जेमतेम ५ इंच आत जातं. म्हणून कोपऱ्यांत आरपार भोकं पाडून दोन्ही बाजूंनी आखा आणि दोन्हीकडून कापा, पाणी सोडत. घर गरम करणाऱ्या फर्नेसचा पंखा बंद ठेवा, नाहीतर सिलिकाची धूळ घरभर. तुकडे लहान करा: ३२ बाय ३० इंचांचा, ८ इंच जाड तुकडा साडेसहाशे पौंडांचा भरतो.

बाहेरची विहीर, म्हणजे खिडकीसमोर खणलेला खड्डा (विंडो वेल), किमान ९ चौरस फूट, लांबी-रुंदी ३६ इंच तरी. ४४ इंचांहून खोल असेल तर कायमची शिडी, पायऱ्यांत जास्तीत जास्त १८ इंच अंतर. सगळ्यात जास्त फसतं ते पाणी. विहिरीतून छिद्रांचा पाइप खाली पायाजवळच्या ड्रेन टाइलपर्यंत, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळीपर्यंत, नेऊन जोडा, भोवती खडी भरा, खडीची पातळी खिडकीच्या कडेच्या सहा इंच तरी खाली ठेवा. हे टाळलंत तर मार्चमध्ये बर्फ वितळलं की विहीर काचेपर्यंत भरते. तिचा काठ जमिनीच्या चार इंच वर हवा.

ग्रिल किंवा झाकण लावायचंच असेल तर आतून, किल्ली-हत्याराशिवाय उघडणारं. ते आईला एकदा उघडून पाहायला सांगा. तिला जमलं नाही तर बदला. बाकीचे प्रश्न जेवणाच्या रांगेत.