मलमाचा डबा संपला पाहिजे

नमस्कार, श्रोतेहो.

मी नेरूळला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गिऱ्हाईक काय मागतं यावरून आम्हाला ऋतू कळतो. मे महिन्यात घामोळ्यांची पावडर, जुलैत चिखल्यांचं मलम. पण एक मागणी बारमाही आहे. कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, हातात फोन, त्यावर कुठल्यातरी ट्यूबचा फोटो. "ताई, ह्याला नायटा झालाय. शेजारच्या काकूंनी ही सांगितलीय. द्या ना."

मी आधी मुलाचा हात बघते. दोन्ही कोपरांच्या घडीत लाली, गुडघ्यांच्या मागेही तीच, वर खाजवल्याच्या रेघा, कातडी खरखरीत. नायटा असा चारी घड्यांत जोडीजोडीनं सहसा बसत नाही. त्याची गोल कड असते, मधला भाग निवळलेला. हा बहुतेक वेळा इसब निघतो, म्हणजे एक्झिमा. आणि फोटोतली ट्यूब असते स्टिरॉइड (लाली-सूज दाबणारं औषध), बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली. त्यातलं स्टिरॉइड बऱ्याचदा क्लोबेटासॉल, म्हणजे सगळ्यांत जहाल वर्गातलं. चार दिवसांत लाली जाते, काकूंची वाहवा होते, महिन्याभरात दुप्पट उसळते आणि कातडी कागदासारखी पातळ होत जाते. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. काही जण चिडून पुढच्या दुकानात जातात. जावोत.

आता कबुली देते. इतकं शिकलेली मी, माझ्याच घरी फसले. मुलगा पाच महिन्यांचा असताना मी ठाण्याला, नौपाड्यात, सासूबाईंकडे होते. मालिशवाल्या मावशी यायच्या. फार मायेची बाई. कढत पाणी, डाळीच्या पिठात हळद, ते खसाखसा अंगाला, मग ओवा-शेपांची धुरी. पोर लालबुंद व्हायचं. "बघा वहिनी, रक्त कसं खेळतंय!" आठवड्याभरात गालांना चिरा पडल्या, त्यातून पाणी झिरपायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू परवा वांगं खाल्लंस ना?" मग माझं वांगं बंद, दही बंद, आंबट बंद. गाल होते तसेच.

यात नेमकं काय होतं? शेणानं सारवलेलं अंगण आठवा. सारवण ओलसर, एकसंध असतं तोवर धूळ उठत नाही. वाळलं की भेगा पडतात आणि भेगांत सगळं शिरतं. आपल्या कातडीत फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन हे सारवण धरून ठेवायला मदत करतं. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध 2006 मध्ये स्पष्ट झाला. सगळ्यांच्याच इसबामागे तो दोष नसतो, पण कल घराण्यातून येतो हे खरं. माझ्या मुलाच्या बाबांना धूळ झटकली की वीस शिंका, तोही ॲलर्जीचाच कल. तेव्हा वांग्याची माझ्यापुरती निर्दोष सुटका झाली. मुलाचं दूध, अंडं मात्र स्वतःच्या मनानं तोडू नका. खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठत असतील, तर डॉक्टरांना दाखवून ठरवा.

सौम्य उपाय म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघर आठवतं. पण चिरलेल्या कातडीला पीठ घासणं सौम्य नाही. मोहरीचं तेल झोंबतं. ऑलिव्ह तेल महाग आहे म्हणून चांगलं असं समजू नका, ते कातडीचं सारवण आणखी विस्कटतं. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, हळदीचा लेप, यांनीही कुणाकुणाला आग होते. खोबरेल मात्र कामाचं. घाण्याचं, वरून सुगंध न घातलेलं लावा, लहान मुलांवरच्या चाचणीत ते बरं ठरलंय. पण चांगली लाली असेल तेव्हा एकट्या खोबरेलावर विसंबू नका. आणि धुरी बंद. पूर्ण बंद. यावर मावशी माझ्यावर दोन दिवस रुसल्या होत्या.

शेवटी त्याला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "मॉइश्चरायझर लावता?" मी म्हटलं, "हो तर, रोज." "ट्यूब कधी आणलीत?" "दीड महिना झाला." ते हसले. "तीस ग्रॅमची ट्यूब दीड महिना? मग लावता कधी?"

औषधाच्या दुकानात बसून मी मलमाची काटकसर करत होते, हरभऱ्याएवढं घेऊन अख्ख्या पायाला पुरवत होते. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम असं प्रमाण दिलंय. आठवड्याला! घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "एवढं तर आपल्याकडे तूप लागत नाही." तेव्हा सुगंधी, रंगीत, छोट्या सुबक बाटल्यांच्या नादी लागू नका. बिनवासाचं, साधं, मोठ्या डब्यातलं घ्या. साधी पांढरी पेट्रोलियम जेलीही उत्तम चालते. फक्त आपली हवा दमट. मे महिन्यात दिवसभर जेली थापली तर वरून घामोळं येतं. म्हणून उन्हाळ्यात दिवसा पातळ क्रीम आणि रात्री जाड मलम, असं मी करते.

आंघोळ कोमट पाण्यानं, पाच ते दहा मिनिटं. कोमट म्हणजे आपल्या मनगटाला गरम न वाटणारं. फेसाचा साबण नको, सौम्य सिंडेट वडी, म्हणजे साबण नसलेली, मिळते, तीही मळ असेल तिथेच. घोडबंदर रोडकडच्या सोसायट्यांत टँकर येतो, बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबण अंगाला चिकटून राहतो. पाणी बदलणं आपल्या हातात नाही, साबण कमी करणं आहे.

मग अंग पुसायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवर, साधारण तीन मिनिटांत, मलम. डब्यातून स्वच्छ चमच्यानं काढायचं, बोटं बुडवायची नाहीत. हातापायांवर बोटाच्या पेराएवढे ठिपके ठेवायचे, मग लव ज्या दिशेला असते त्या दिशेनं, वरून खाली, हात फिरवायचा. चोळायचं नाही. चकाकी राहिली पाहिजे. दोन वर्षांचं पोर तेवढा वेळ उभं राहतं का? नाही राहत. आमच्याकडे ठिपके म्हणजे गाड्या आणि हात म्हणजे पाम बीच रोड, अशी तडजोड झाली. दिवसातून दोनदा तरी. लाली नसतानाही. हे "नसतानाही" सगळे विसरतात.

आता स्टिरॉइड. काकूंच्या ट्यूबला नाही म्हणणारी मीच, डॉक्टरांनी लिहिलेल्या हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्क्यालाही घाबरत होते. पण ते सौम्य वर्गातलं आहे आणि सांगितलेल्या दिवसांपुरतं असतं. त्याचं मापही सोपं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला, बोटांसकट, पुरतं. लाल भागावरच. घाबरून अर्धवट लावलं की लाली धुमसत राहते आणि उलट जास्त दिवस लावावं लागतं.

रात्रीची खाज ही वेगळीच शिक्षा. नखं अगदी बारीक कापा. जांभळी नाक्यावरून मलमल आणून सैल, लांब बाह्यांचे झबले शिवून घेतले तर खर्चही बेताचा. खाज उठली की "खाजवू नको" ओरडण्यापेक्षा गार पाण्याची ओली घडी ठेवा. लोकर, सिंथेटिक कपडे नकोत. आणि दिवाळीत एक जपा: पॅराफिनचं मलम (पेट्रोलियम जेलीही त्यातच आली) मुरलेला कपडा चटकन पेट घेतो. निरांजन, फुलबाज्या यांपासून मूल लांब.

मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, पू झाला तर डॉक्टर. एकसारखे बारीक पाणीदार फोड भराभर पसरले, दुखायला लागले, ताप आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. ही नागिणीच्या भाऊबंदांतली, हर्पीसची लागण असू शकते. म्हणून ओठावर पुळ्या उठलेल्या पाहुण्यांना बाळाची पापी घेऊ देऊ नका. राग आला तर येऊ दे.

माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे. ऑक्टोबरची उकाड्याची हवा आली की कोपराची घडी अजून लाल होते, मग आठवडाभर जरा जास्त जपायचं. परवा आंघोळीनंतर डबा सापडेना. शोधते तर हा आजीच्या भेगाळलेल्या टाचांवर गाड्या लावत बसला होता. सासूबाई पाय पुढे करून म्हणाल्या, "अगं, नवा डबा आणशील तेव्हा मोठाच आण."