मंडळीच्या वहीत लिहिलेला इतिहास

नमस्कार श्रोतेहो. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं होणारी ख्रिस्ती दीक्षा, कळत्या वयातच घ्यावी असं मानणारा पंथ म्हणजे बाप्टिस्ट. आज मी बोलणार आहे बाप्टिस्ट मंडळ्यांच्या इतिहासाबद्दल, आणि तोही एकेका स्थानिक मंडळीच्या इतिहासाबद्दल. ख्रिस्ती धर्मातल्या अनेक जुन्या परंपरांमध्ये वर बिशप असतो, त्याचं दप्तर असतं आणि खालच्या देवळांच्या नोंदी त्या दप्तरात जमा होतात. बाप्टिस्टांनी ही उतरंड पहिल्यापासूनच मानली नाही. विश्वास ठेवणारी माणसं एकत्र आली, त्यांनी देवाशी आणि एकमेकांशी करार केला, की मंडळी पूर्ण झाली. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, कोण असावा, कोणाला आत घ्यायचं, कोणाला वगळायचं, हे सगळं त्या मंडळीनंच ठरवायचं. आणि काय घडलं ते लिहूनही तिनंच ठेवायचं. त्यामुळे या लोकांचा इतिहास शोधायचा तर मंडळीची नोंदवहीच उघडावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

पहिली मंडळी इंग्रजांची, पण जमली हॉलंडमध्ये. जॉन स्मिथ हे आधी इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे धर्मगुरू होते. ते चर्च सोडून, छळ चुकवण्यासाठी आपल्या माणसांसह ते अ‍ॅमस्टरडॅमला गेले. तिथे १६०९ मध्ये त्यांनी ठरवलं, की तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. ज्याला कळतं आणि जो आपल्या तोंडानं विश्वास कबूल करतो, त्यानंच तो घ्यावा. मग तो द्यायचा कोणी? स्मिथ यांनी स्वतःच्या डोक्यावर स्वतः पाणी ओतलं आणि नंतर थॉमस हेल्विस आणि इतरांना बाप्तिस्मा दिला. पुढे स्मिथ यांनाच या कृतीबद्दल शंका वाटू लागली. ते मेनोनाइट लोकांकडे, म्हणजे प्रौढांचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या तिथल्या आधीच्या पंथाकडे, झुकले आणि हेल्विस थोड्या माणसांना घेऊन वेगळे झाले. १६१२ च्या सुमारास हेल्विस लंडनला परतले आणि शहराच्या कोटाबाहेर, स्पिटलफील्ड्स भागात, इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. राजा हा मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, असं त्यांनी छापून प्रसिद्ध केलं. त्याच ग्रंथात त्यांनी हेही लिहिलं, की माणूस पाखंडी असो, मुसलमान असो, यहुदी असो, धर्मासाठी त्याला शिक्षा करण्याचा अधिकार राज्यसत्तेला नाही. १६१२ साली हे लिहिणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. हेल्विस न्यूगेटच्या तुरुंगात पडले आणि १६१६ पर्यंत त्यांचा मृत्यू झालेला होता.

आता मला थोडा वेळ ब्रिस्टल शहरात थांबायचं आहे. तिथल्या ब्रॉडमीड मंडळीची वही वाचताना माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात. ही वही लिहिली एडवर्ड टेरिल यांनी. ते मंडळीचे वडील, म्हणजे 'एल्डर' या पदावर, होते आणि पेशानं लेखनिक. त्यांनी मंडळीची सुरुवात कुठून सांगितली, तर एका विधवेच्या किराणा दुकानापासून. तिचं नाव डोरोथी केली. नाताळ हा सण बायबलमध्ये सांगितलेला नाही, तेव्हा तो पाळायचा नाही, असं तिचं मत होतं. म्हणून नाताळच्या दिवशी, सगळं शहर बंद असताना, ती भर हाय स्ट्रीटवरचं आपलं दुकान उघडून सर्वांच्या देखत शिवणकाम करत बसायची. पुढे तिनं मॅथ्यू हॅझर्ड या धर्मगुरूशी लग्न केलं. बाळंतिणींवर राजमान्य चर्चचे जे विधी लादले जात ते टळावेत, म्हणून ती बायकांना बाळंतपणासाठी आपल्या घरी ठेवून घेई. १६४० मध्ये तिनं आणि चार पुरुषांनी मिळून करार केला. पाच माणसांची मंडळी, त्यातली एक धर्मगुरूची बायको, आणि वेगळं व्हायचं ते नवऱ्याच्याच चर्चपासून! तेव्हा ही मंडळी अजून बाप्टिस्ट झालेली नव्हती. प्रौढांचा बाप्तिस्मा तिथे पुढच्या वर्षांत हळूहळू रुजला. १६४३ मध्ये यादवी युद्धात राजाच्या सैन्यानं ब्रिस्टलला वेढा घातला, तेव्हा याच डोरोथीनं बायकांना गोळा करून लोकरीच्या गठ्ठ्यांनी आणि मातीनं फ्रोम दरवाजा आतून बुजवला.

यादवी युद्धानंतर गेलेली राजेशाही १६६० मध्ये परत आली आणि छळ सुरू झाला. १६६४ च्या कायद्यानं घरच्यांखेरीज पाचांहून जास्त माणसांनी राजमान्य चर्चबाहेर उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरलं. मंडळीनं यावर काय काय उपाय केले, ते टेरिल बारकाईनं लिहून ठेवतात. खोलीत आडवा पडदा लावायचा आणि उपदेश करणाऱ्यानं पडद्याआड बसायचं, म्हणजे खबऱ्याला आवाज ऐकू येईल पण चेहरा दिसणार नाही. बायकांनी जिन्यावर दाटीवाटीनं बसायचं, म्हणजे शिपायांना वर यायला वेळ लागेल. तोपर्यंत पडदा सरकवायचा, उपदेशकानं इतरांत मिसळून बसायचं आणि सगळ्यांनी मिळून स्तोत्र गायला लागायचं. सगळेच गात असताना धरायचं कोणाला? ही युक्ती कोणत्याही राजाच्या दप्तरात इतक्या तपशिलानं मिळाली नसती. दप्तरात दंडाच्या रकमा मिळतात. जिन्यावर बसलेल्या बायका मिळतात त्या मंडळीच्या वहीत.

बेडफर्डचं उदाहरण ओघानं सांगतो. 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चे लेखक जॉन बन्यन हे विनापरवाना उपदेश केल्याबद्दल १६६० पासून १६७२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १२ वर्षं, बेडफर्डच्या तुरुंगात होते, आणि सुटका व्हायच्या आधीच त्यांच्या मंडळीनं त्यांना पाळक म्हणून निवडलं. कैदेतल्या माणसाला पाळक नेमणं हा मंडळीचा ठराव होता. त्यासाठी वरची परवानगी लागतच नव्हती.

अटलांटिकपलीकडे, अमेरिकेत, रॉजर विल्यम्स यांनी प्रॉव्हिडन्सला १६३८ च्या सुमारास मंडळी सुरू केली आणि काही महिन्यांतच ते स्वतः ती सोडून गेले. मंडळी मात्र टिकली. तिचं १७७५ चं उपासनागृह आजही उभं आहे. बोस्टनच्या मंडळीची कहाणी अधिक कडू आहे. ती १६६५ मध्ये सुरू झाली. तिला छळणारे प्युरिटन, म्हणजे इंग्लंडचं चर्च शुद्ध करू पाहणारे कडवे लोक, स्वतः धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून आलेले होते. या मंडळीनं उपासनागृह बांधलं, तर १६८० मध्ये सरकारी हुकमानं त्याच्या दारांना खिळे ठोकण्यात आले. स्वतः सोसलेला अन्याय माणूस दुसऱ्यावर किती सहज लादतो, हे बाप्टिस्टांनी इथे भोगलं.

आणि पुढे त्यांनीही ते केलं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेत बाप्टिस्ट मंडळ्या वाढल्या तेव्हा गुलाम आणि त्यांचे मालक एकाच मंडळीचे सभासद असत. जुन्या वह्यांमध्ये मालकाचं नाव आडनावासह येतं आणि गुलामाचं नुसतं पहिलं नाव, पुढे 'अमक्याच्या मालकीचा'. १८४५ मध्ये दक्षिणेच्या मंडळ्या उत्तरेपासून फुटल्या, त्याचं मुख्य कारण हेच, की गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावं की नाही.

पण गुलामांनी आपल्या मंडळ्याही उभ्या केल्या, आणि त्यांतल्या एका मंडळीचा प्रवास मला सर्वांत विलक्षण वाटतो. डेव्हिड जॉर्ज व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले. क्रूर मालकाकडून ते पळाले, पुन्हा पकडले गेले आणि शेवटी सव्हाना नदीकाठी सिल्व्हर ब्लफ इथल्या एका व्यापाऱ्याकडे आले. तिथे १७७० च्या दशकात आठ जणांची मंडळी तयार झाली. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, बाहेरच्या उपदेशकांना यायची बंदी झाली आणि मंडळी जॉर्ज यांनी सांभाळली. मालकाच्या मुलांकडून ते अक्षरं शिकले होते. युद्धात इंग्रजांनी गुलामांना स्वातंत्र्याचं वचन दिलं, तसे ते इंग्रजांकडे गेले. १७८२ मध्ये ते कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला पोचले आणि शेलबर्नला त्यांनी पुन्हा मंडळी बांधली. १७८४ मध्ये तिथल्या बेकार गोऱ्या सैनिकांनी दंगल करून काळ्या वस्तीतली घरं पाडली आणि जॉर्ज यांना काठ्यांनी मारून दलदलीत हाकललं. १७९२ मध्ये सुमारे १२०० माणसं १५ जहाजांतून आफ्रिकेला, सिएरा लिओनला निघाली. त्यांत डेव्हिड जॉर्ज होते आणि त्यांच्या मंडळीतले बहुतेक सगळे होते. फ्रीटाउनला त्यांनी तिसऱ्यांदा मंडळी उभी केली. नंतर ते इंग्लंडला गेले तेव्हा त्यांनी आपली हकीकत तोंडी सांगितली आणि ती १७९३ मध्ये बाप्टिस्टांच्या वार्षिकात छापली गेली. ती उतरवून घेणारा कोणी भेटला नसता, तर आठ माणसांची ती मंडळी विस्मरणात गेली असती.

भारतात यायचं तर श्रीरामपूरला यावं लागतं, बंगालमधल्या. कंपनी सरकार मिशनऱ्यांना थारा देत नव्हतं, म्हणून विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी १८०० मध्ये इथल्या डॅनिश वसाहतीत राहिले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कृष्ण पाल या सुतारानं हुगळी नदीत बाप्तिस्मा घेतला. ज्यांनी तो दिला, त्याच केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापून आलं.

तेलुगू प्रदेशातल्या ओंगोलचा आकडा अनेकदा सांगितला जातो: ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा. त्यामागचा संदर्भ मात्र गळून पडतो. तो दुष्काळाचा काळ होता. मिशनरी जॉन क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा काही भाग ठेक्यानं घेऊन भुकेल्या माणसांना काम दिलं होतं. अन्नासाठी कोणी ख्रिस्ती होऊ नये, म्हणून मदतीचं काम चालू असेपर्यंत त्यांनी बाप्तिस्मे थांबवले होते. आणि ओंगोलची मंडळी १ जानेवारी १८६७ ला सुरू झाली तेव्हा सभासद होते फक्त आठ. गावोगाव हिंडून संदेश नेणारे येर्रगुंट्ला पेरय्या हे चामड्याचं काम करणारे मादिगा समाजाचे गृहस्थ होते. २,२२२ हा आकडा मिशनच्या अहवालानं जगभर पोचवला; पेरय्यांची पायपीट कळायला तिथल्याच माणसांच्या आठवणी लागतात.

नागा टेकड्यांतही तसंच. १८७२ मध्ये आओ नागांच्या देका हैमोंग गावात पहिली मंडळी झाली. नाव गाजलं ते एडवर्ड क्लार्क या अमेरिकन मिशनऱ्याचं, पण त्यांच्या आधी त्या गावात शिरले ते गोधुला हे आसामी प्रचारक. सरकारचा हेर समजून गावकऱ्यांनी त्यांना पहाऱ्यात ठेवलं, आणि त्यांच्या गाण्यांनी हळूहळू गावाचं मन वळवलं.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी आपल्या मंडळीचा इतिहास लिहायला बसणार असेल, तर पाळकांच्या नावांची यादी आणि इमारतीच्या कोनशिलेवर थांबू नका. पाळक बदलत राहतात. सभासदांची नावं पिढ्यान् पिढ्या तीच सापडतात. बाप्तिस्म्याची यादी बघा, जागेचे कागद बघा, दानाच्या नोंदी बघा, दान कोणी दिलं तेही बघा. कोणाला का वगळलं, त्यांची तक्रार काय होती, ते परत आले का, हेही लिहा. मंडळी फुटली असेल तर फुटली असं लिहा, आणि दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांना विचारा. बायकांनी काय केलं ते वहीत सहसा येत नाही, कारण वही पुरुष लिहीत. ते घरोघरी जाऊन विचारावं लागतं. आणि वहीच्या प्रती काढून एक प्रत इमारतीबाहेर, दुसऱ्या मंडळीकडे किंवा ग्रंथालयात ठेवा. टेरिल यांची वही छापून यायला १८४७ साल उजाडलं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षं गेली. तेवढा सगळा काळ ब्रिस्टलच्या लोकांनी ती जपली, म्हणून डोरोथी हॅझर्डचं दुकान आज मी तुम्हाला सांगू शकलो.