पी५३ चालू केले की यकृताची कर्कपेशी मरते का?

पी५३ हे पेशीला कर्करोगापासून राखणारे प्रथिन. आज त्याच्याबद्दलच्या एकाच विधानाची तपासणी करू: ‘पी५३ चालू केले की कर्कपेशी मरते.’ परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. यकृतात मात्र हे निम्मेच खरे आहे.

निरोगी पेशीत पी५३ सतत तयार होते आणि सतत मोडले जाते. एमडीएम२ हे प्रथिन त्याला युबिक्विटिन ही ‘मोडून टाका’ अशी खूण चिकटवते, मग प्रोटिअसोम हे पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र त्याचा निकाल लावते. त्यामुळे त्याचे अर्धायुष्य अर्ध्या तासाहूनही कमी असते. डीएनए तुटला की एटीएम हे विकर त्यावर फॉस्फेट चढवते, एमडीएम२ची पकड सुटते आणि पी५३ साठू लागते. इथून दोन वाटा फुटतात. पी२१ हे प्रथिन वाढले तर पेशीचक्र, म्हणजे पेशीचे विभाजन, थांबते. प्यूमा, नोक्सा आणि बॅक्स ही मृत्यूकडे ढकलणारी प्रथिने वाढली तर मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) बाह्यपटलाला छिद्रे पडतात, सायटोक्रोम सी हे आतले प्रथिन बाहेर येते, ॲपॅफ-१ या प्रथिनाच्या मदतीने कॅस्पेज-९ हे प्रथिने कापणारे विकर जागे होते आणि ते कॅस्पेज-३ला कापून कामाला लावते; हाच अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीने स्वतःच घडवलेला मृत्यू. कोणती वाट धरायची हे एकटे पी५३ ठरवत नाही. बीसीएल-एक्सएल हे मृत्यू रोखणारे प्रथिन भरपूर असेल, तर प्यूमा वाढूनही छिद्रे पडत नाहीत.

यकृतपेशीची आणखी एक खोड आहे. पेशीच्या पृष्ठभागावरच्या फास या ग्राहीमार्फत (संदेश टिपणाऱ्या प्रथिनामार्फत) बाहेरून मरणाचा संदेश आला, तरी तेवढ्याने तिचे भागत नाही. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या काही प्रकारांत कॅस्पेज-८ थेट कॅस्पेज-३ला कापते आणि काम होते. यकृतपेशीत एक्सआयएपी हे प्रथिन कॅस्पेज-३ला दाबून ठेवते. म्हणून कॅस्पेज-८ला आधी बिड हे प्रथिन कापून मायटोकॉन्ड्रियाची मदत घ्यावी लागते. बिड नसलेल्या उंदरांचे यकृत फासच्या माऱ्यातूनही बरेचसे वाचते.

आता २००७ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा प्रयोग पाहा. यकृतातल्या गाठींत पी५३ दाबून ठेवले होते, ते पुन्हा सुरू केले. गाठी नाहीशा झाल्या. पण त्या पेशी अपॉप्टोसिसने मेल्या नव्हत्या, त्यांना वार्धक्य आले होते, म्हणजे त्या जिवंत होत्या पण त्यांचे विभाजन कायमचे थांबले होते. त्यांनी दाहक संदेश सोडले आणि जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशींनी त्यांचा फडशा पाडला. माझ्या मते ‘पी५३ आणि यकृत’ या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, कारण प्लास्टिकच्या ताटलीत प्रतिकारपेशी नसतात. तिथे पेशी जिवंत दिसली म्हणून औषध निकामी ठरत नाही.

पी५३ बिघडते कसे, याचे यकृतातले सर्वांत स्पष्ट उदाहरण अफ्लाटॉक्सिनचे. ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी ओलसर शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढते. तिच्या अफ्लाटॉक्सिन बी१ या विषापासून यकृतातली सायटोक्रोम पी४५० विकरे इपॉक्साइड हे क्रियाशील रूप बनवतात आणि ते डीएनएतल्या ग्वानिनला चिकटते. पी५३ बनवणाऱ्या टीपी५३ जनुकाच्या २४९व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरी सांकेतिक शब्दात) एजीजीचे एजीटी होते, म्हणजे आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या जागी सेरिन येते. १९९१ साली चीनमधील छीतुंग आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग या दोन्हीकडच्या रुग्णांत हाच बदल वारंवार सापडला. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मात्र तीव्र विषबाधा होती. कर्करोगाला वर्षे लागतात, आणि सोबत हिपॅटायटिस बी असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

प्रयोग करणाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या यकृताच्या कर्कपेशी निवडतानाच सावध असावे. हेप-जी२मध्ये पी५३ शाबूत आहे, पण ती मुळात हिपॅटोब्लास्टोमाची (लहान मुलांच्या यकृताच्या कर्करोगाची) पेशी. हेप-३बीमध्ये पी५३ नाहीच. एचयूएच-७मध्ये २२०व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टिन आहे. पीएलसी/पीआरएफ/५मध्ये वर सांगितलेला २४९चा बदल आहे. नटलिन-३ए हे संयुग एमडीएम२ला अडवते. ते १० मायक्रोमोलर देऊन हेप-जी२ आणि हेप-३बी शेजारी शेजारी तपासा. हेप-३बीसुद्धा तितकीच मरत असेल, तर जे दिसते आहे ते पी५३चे काम नव्हे. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने ओळखण्याच्या चाचणीत पी५३ची पट्टी ठळक आली म्हणून खूश होऊ नका. बिघडलेले पी५३ एमडीएम२ बनवण्याचा हुकूम देऊ शकत नाही, म्हणून तेच जास्त साठते. सोबत पी२१ची पट्टी हवीच.

मृत्यू मोजताना सर्वाधिक गफलत एमटीटी या पेशींची चयापचय-क्रिया मोजणाऱ्या रंगचाचणीने होते. आकडा निम्मा झाला, तर पेशी मेल्या की वाढायच्या थांबल्या हे त्यातून कळत नाही. ॲनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशीला चिकटणारे) आणि प्रोपिडियम आयोडाइड (पटल फाटलेल्या पेशीत शिरणारा रंग) वापरा. मात्र माध्यमात तरंगणाऱ्या पेशी ओतून देऊ नका, मेलेल्या बहुतेक त्यांतच असतात. पेशी ताटलीवरून सोडवणारे ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवले तर पटल फाटते आणि निरोगी पेशीही रंगते. ॲनेक्सिनला कॅल्शियम लागते, म्हणून कॅल्शियम पकडून ठेवणारे ईडीटीए नीट धुऊन काढा आणि २.५ मिलिमोलर कॅल्शियम असलेला बफर घ्या. कॅस्पेज ज्याला कापते त्या पार्प या प्रथिनाची ११६ किलोडाल्टनची पट्टी फिकट होऊन ८९ची उमटली, आणि २० मायक्रोमोलर झी-व्हॅड हे कॅस्पेज अडवणारे रसायन दिल्यावर ती नाहीशी झाली, तर कॅस्पेजनेच कापले असे म्हणता येते. झी-व्हॅड देऊनही पेशी तितक्याच मरत राहिल्या, तर नेक्रोप्टोसिस किंवा फेरोप्टोसिस हे कॅस्पेजविना होणारे मृत्यूप्रकार तपासायला घ्या. बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा वार्धक्याचा रंग पीएच ६ वर द्यायचा असतो आणि त्यासाठी नटलिन दिल्यावर चार-पाच दिवस थांबावे लागते. २४ तासांत पाहिले तर हाती काही लागत नाही.