चाळकेवाडीचं वारं आणि तीन पायांचा स्टँड

[चाळकेवाडीचं पठार, फिरती पाती. माईकवर येणारा वाऱ्याचा आवाज तसाच राहू द्यावा.]

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढं चढलं, की चाळकेवाडीच्या पवनचक्क्या दिसायला लागतात. त्या बसवणाऱ्यांनी ही जागा वारं बघून निवडली. प्री-वेडिंगवाले मात्र येतात ते मागं पाती दिसावीत म्हणून. वारं त्यासोबत फुकटच मिळतं.

[नवरा-नवरी कॅमेऱ्यासमोर. बाजूला सॉफ्टबॉक्स डुलतोय, एक पोरगा स्टँड धरून उभा.]

हा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाईटचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, दोन फूट बाय तीन फुटांचा. ताशी 36 किलोमीटरचं वारं त्याला साडेतीन-चार किलोंचा रेटा देतं. ऐकायला किरकोळ, पण हा रेटा बसतो 2 मीटर उंचीवर, आणि स्टँडचे पाय मधल्या दांड्यापासून जेमतेम अर्धा मीटर पसरलेले. शिवाय स्टँड सहसा पायाच्या टोकावर उलटत नाही. तो कलंडतो दोन पायांमधल्या मोकळ्या बाजूवर, आणि ती बाजू दांड्यापासून अवघ्या 25 सेंटिमीटरवर. मोकळी बाजू नेमकी वारं जिकडं चाललंय तिकडं आली, तर मधोमध 30 किलोंच्या आसपास वजन असलं तरच स्टँड उभा राहतो.

[कॅमेरा खाली, पायांवर.]

म्हणून आधी पाय फिरवायचे. वारं जिकडं चाललंय तिकडं एक पाय, आणि वारं येतंय त्या अंगाला उरलेले दोन. वाळूच्या बॅगा या दोन पायांवर टाकायच्या. उलटायच्या जागेपासून वजन लांब गेलं, की तेच काम 11 किलोंत भागतं. फक्त बॅग पायावरच लोंबायला हवी. जमिनीवर टेकली, तर तेवढा भार जमिनीवर जातो आणि स्टँडच्या वाट्याला काही येत नाही. बऱ्याच शूटिंगला बॅगा पायाशी नुसत्या ठेवलेल्या दिसतात. त्या शोभेच्या.

कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचं गणित जरा वेगळं. तो पडण्याआधी थरथरतो, आणि व्हिडिओत ते लगेच दिसतं. मधल्या हुकाला अडकवलेली बॅग वाऱ्यानं झुलायला लागली, तर थरथर वाढतेच. इथं मात्र बॅग जमिनीला जेमतेम शिवू द्यायची, किंवा पट्ट्यानं पायाला बांधायची.

[पठारावरचे सुटे दगड, जवळून.]

वजन आणायचं कुठून? समोर दगड पडलेत, घ्या दोन आणि बांधा दोरीनं, असं कुणालाही वाटेल. दगडाखाली हात घालू नका. जांभ्याच्या या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, फुरसं अशाच दगडांखाली बसलेलं असतं. आणि फुरसं नसलं, तरी तिथं दुसरं कुणी राहत असतं. गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला एक सरडा 2016 साली याच पठारावरून शास्त्रात नोंदला गेला. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढून तो पंखा फुलवतो. आपल्या फोटोपायी त्याची बैठक हलवायचं कारण नाही.

खुंट्या ठोकायचं तर नावच नको. वर बोटभर माती, खाली कातळ. कासला तर अजिबात नको. ते पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि फुलं त्या बोटभर मातीवरच येतात.

तेव्हा वजन खालूनच आणायचं. घडीचे प्लॅस्टिकचे कॅन पाण्यानं भरले, की लिटरला एक किलो, हिशेब सरळ. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, त्यामुळं बॅग आटोपशीर होते. दोन्हीकडं लोंबणाऱ्या दोन कप्प्यांच्या पिशव्या जाड कॅनव्हासच्या, कुठलाही शिंपी शिवून देतो. वाळू आधी उन्हात वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायची, मग कॅनव्हासमध्ये. ओली भरली तर शिवण कुजते.

[आभाळ भरून आलंय. सॉफ्टबॉक्सचं कापड फडफडतंय.]

वारं दुप्पट झालं, तर रेटा चौपट होतो. ताशी 72 किलोमीटरचा एक झोत आला, तर मघाच्या 11 किलोंचे 44 होतात. एवढ्या बॅगा कोण वाहणार? तिथं सॉफ्टबॉक्स काढायचा, स्टँड कमरेइतका खाली घ्यायचा आणि उघड्या लाईटवर काम उरकायचं. उजेड थोडा कडक पडेल, नवरीकडची मंडळी कुरकुरतील. कुरकुरू देत.

आवरताना मात्र घाई नडते. आधी कापड उतरवायचं, मग लाईट, मग दांडा खाली घ्यायचा, आणि पाय मिटायच्या वेळी सगळ्यांत शेवटी बॅगा.