ओहोटी गाठा आणि मग पायवाटेवर या

श्रोतेहो, नमस्कार. ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. याच खाडीकाठी, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात, कांदळवनातून खांबांवर उचललेली पायवाट जाते. चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळे तुडवली जाऊ नयेत आणि भरतीचे पाणी खालून मोकळे वाहावे, म्हणून ती उंच आहे. मात्र एक लक्षात ठेवा: बोटीतून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे तर भरती हवी, पायवाटेवरून चिखलातले जग पाहायचे तर ओहोटी हवी.

मागच्या हिवाळ्यात एका शाळेची मुले सकाळी नऊला तिथे आली, तेव्हा वाटेखाली गढूळ पाण्याशिवाय काही नव्हते आणि बाई त्यांना परत न्यायच्या बेतात होत्या. तेवढ्यात नातवाला घेऊन आलेल्या कोळीवाड्यातल्या एका आजी म्हणाल्या, "बाई, आज बारस. बारा पाऊणे नऊ. नवाला भरती, तिनाला सुकती. पोरांना जेवू घाला, मग आणा." पाऊणकीचे, म्हणजे पाऊणपटीचे, पाढे शाळांनी सोडले ही मला फार मोठी हानी वाटते. बारस म्हणजे बारावी तिथी, बाराची पाऊणपट नऊ; आजींनी त्या एका पाढ्यात समुद्राचे वेळापत्रक मांडले होते. दुपारी मुले परतली, तेव्हा चिखल उघडा पडला होता. आजींनी सर्वांना वाटेवर पालथे झोपवले आणि गप्प राहायला सांगितले. थोड्या वेळाने बिळांच्या तोंडाशी हालचाल झाली. एकच नांगी मोठी असलेला नर खेकडा ती वरखाली हलवू लागला, आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे) परांवर रेटा देत ओल्या चिखलावरून सरकू लागल्या. एक मुलगा ओरडला, "आजी, मासा चालतोय!" आणि क्षणात सगळे खेकडे बिळांत गेले. आजी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "थांब बाळा, येतील परत." ते आलेही.

तेव्हा, श्रोतेहो, आधी पंचांग पाहा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, आणि खाडी आत असल्याने थोडा उशीर धरावा. चतुर्थीला निघालात तर सकाळी साडेनऊच्या सुमारास पायवाटेवर असा.