कृष्णाकाठच्या दरडीचं वय

उन्हाळ्यात पाणी उतरलं की हरिपूरजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, नदीची दरड उघडी पडते. वरचा गाळ भुसभुशीत, खालची माती घट्ट. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या पुराचं साल इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण दरडीच्या तळाशी असलेला गाळ कोणत्या पुरानं आणला?

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. गाळ त्याच्याच झिजेतून आला, तरी इथे कधी बसला ते पाषाणाचं वय सांगत नाही. कोळसा किंवा शिंपला सापडला तर त्यातल्या किरणोत्सारी कार्बन-१४ वरून वय काढता येतं, पण त्याची धाव साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच.

म्हणून मातीच्या कणालाच विचारायचं: तुला शेवटचं ऊन कधी लागलं? कण गाडला गेला की भोवतालच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सारामुळे त्याच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकू लागतात. ऊन लागताच ते सुटतात. त्यामुळे नमुन्याची नळी दरडीत ठोकून लगेच झाकायची, आणि प्रयोगशाळेत मंद लाल उजेडातच उघडायची. तिथे प्रकाश सोडला की कण क्षीण चमकतात. त्या चमकेवरून कणात साठलेली किरणोत्साराची मात्रा मोजायची, तिला वर्षाला मिळणाऱ्या मात्रेनं भागायचं, की वय निघतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ही वाट दाखवली.

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांना ही पद्धत चांगली लागू पडते, कारण वाऱ्यावर उडणाऱ्या कणाला भरपूर ऊन मिळतं. कृष्णेचा कण गढूळ पुरातून येतो. त्याच्यातली जुनी मात्रा पुरती पुसली जात नाही, आणि वय जास्त भरतं. शिवाय या मोजणीला सोयीचं क्वार्ट्झ हे खनिज बेसाल्टमध्ये जवळपास नाहीच, म्हणून फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजावर भागवावं लागतं. त्यातले इलेक्ट्रॉन अंधारातही हळूहळू गळतात, आणि वय कमी भरतं. मातीतला ओलावाही किरणं अडवतो, तोही हिशोबात धरावा लागतो. इतक्या दुरुस्त्या पाहून कुणाला शंका येईल. मला मात्र याच काटेकोरपणामुळे त्या आकड्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

नदीकाठची माती विटांसाठीही उपसली जाते. निदान त्याआधी दरडीचे थर मोजून, फोटो काढून, झाकलेल्या नळ्यांत नमुने घेतले जावेत. उपसलेल्या मातीला ऊन लागलं की तिच्यातला हजारो वर्षांचा हिशोब काही मिनिटांत पुसू लागतो, आणि तो पुन्हा मांडता येत नाही.