हाऊसफुल्ल अरिना, पण कर्ज काही फिटेना

(पुलावरून शॉट. खाली नदी, समोर काचेची भलीमोठी इमारत.)

ही ओहायो नदी. या काठाला केंटकी, त्या काठाला इंडियाना. आणि पुलाच्या अगदी तोंडाशी ही जी अवाढव्य इमारत दिसतेय ना, तिचं नाव ऐकून आधी हसून घ्या, मग पुढे जाऊ. केएफसी यम! सेंटर, बास्केटबॉलचं अरिना, म्हणजे छप्पर असलेलं मोठं स्टेडियम. हो, तेच ते तळलेल्या चिकनवालं केएफसी. त्या केएफसीची मालक कंपनी यम! ब्रँड्स याच लुईव्हिल शहरातली, तिनं १० वर्षांसाठी १ कोटी ३५ लाख डॉलर मोजले आणि इमारतीवर आपली पाटी लावली. २०२५ मध्ये केएफसीनं आपलं अमेरिकेतलं मुख्य ऑफिस टेक्ससला हलवायचं जाहीर केलं, पाटी अजून इथेच आहे, असो.

तर ही इमारत बांधायला लागले २३ कोटी ८० लाख डॉलर. नावाचे जे पैसे आले तो यातला जेमतेम अठरावा हिस्सा. मग बाकीचे कुठून आले? आजची गोष्ट त्याचीच आहे.

(आतला शॉट. सगळं स्टेडियम लाल.)

आत साधारण २२ हजार माणसं बसतात आणि खेळतात कोण, तर कॉलेजची पोरं. आपल्याकडे कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचला कोण जातं सांगा, खेळणाऱ्यांचे चार मित्र आणि पीटीचे सर. इथे तसं नाही. केंटकीत एनबीएची टीमच नाही. कधीकाळी केंटकी कर्नल्स नावाची प्रोफेशनल टीम होती, दुसऱ्या लीगमध्ये खेळायची, ती १९७६ मध्ये बंद पडली. तेव्हापासून या राज्यात बास्केटबॉल म्हणजे कॉलेज बास्केटबॉल, एकीकडे युनिव्हर्सिटी ऑफ लुईव्हिलचे लालवाले, दुसरीकडे लेक्सिंग्टनचे युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीचे निळेवाले, आणि या दोघांची मॅच असली की एका घरातली माणसंसुद्धा एकमेकांशी धड बोलत नाहीत.

(जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो. फ्रीडम हॉल.)

बरं, लुईव्हिलकडे खेळायला जागा नव्हती का? होती की. फ्रीडम हॉल, १९५६ चा, एअरपोर्टजवळ जत्रेच्या मैदानावर, जवळपास १९ हजार सीट्स. कॉलेज बास्केटबॉलची फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीम्सचा सोहळा, तिथे ६ वेळा झालाय. कोच डेनी क्रम यांनी १९८० आणि १९८६ ला नॅशनल टायटल जिंकलं तेव्हा टीमचं घर हेच होतं. जुना होता, मान्य. पण पडका नव्हता.

मग नवीन कशाला? तर डाउनटाउनसाठी. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांचं हे दुखणं आहे, ऑफिसं पाचला सुटली की शहराचा मधला भाग ओस पडतो. त्यावर औषध म्हणून दर काही वर्षांनी कुणीतरी अरिना सुचवतं. लोक मॅचला येतील, आधी जेवतील, नंतर बिअर पितील, लांबचे हॉटेलात राहतील, दुकानं उघडतील. कागदावर फार छान दिसतं हे. गव्हर्नर अर्नी फ्लेचर यांनी २००५ मध्ये टास्क फोर्स नेमला, नदीकाठची जागा ठरली, त्यावर भांडणं झाली, शहरातल्या बड्या उद्योगपतींनी दुसरी जागा स्वस्त पडेल म्हणून जोर लावला, पण नदीचा व्ह्यू जिंकला. त्या व्ह्यूच्या जागेवर वीज कंपनीचं आख्खं सबस्टेशन उभं होतं, ते उचलून दुसरीकडे बसवायचे पैसे वेगळे.

(ग्राफिक: शहराचा नकाशा, अरिनाभोवती रंगवलेला भाग.)

आता इथे जरा लक्ष द्या, कारण सगळी मेख इथे आहे. राज्यानं साडेसात कोटी डॉलर दिले. बाकीच्यासाठी २००८ मध्ये लुईव्हिल अरिना ऑथॉरिटीनं, म्हणजे हे अरिना उभं करणाऱ्या संस्थेनं, जवळपास ३५ कोटी डॉलरचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, विकले. खर्च २४ कोटींच्या आत आणि कर्ज ३५ कोटी कसं, असं विचाराल तर बाँड काढले की सुरुवातीचं व्याज, राखीव रक्कम, फिया हे सगळंही त्यातच येतं. आणि हे फेडायचं कशातून? मुख्य भरवसा टीआयएफवर, टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. आयडिया अशी की अरिनाभोवतीच्या भागाची एक हद्द आखायची, आज तिथून किती टॅक्स येतो ते लिहून ठेवायचं, आणि अरिना झाल्यावर त्याच्यावर जो जास्तीचा टॅक्स येईल तो अरिनाच्या कर्जात वळवायचा. म्हणजे थोडक्यात, गाय व्यायच्या आधीच गिऱ्हाइकाला दुधाचा रतीब कबूल करायचा.

आणि वेळ बघा कुठली साधली. २००८. त्याच वर्षी लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली, पाठोपाठ मंदी आली, आणि जास्तीचा टॅक्स ठरल्यापेक्षा कितीतरी कमी यायला लागला. सुरुवातीला ही टीआयएफची हद्द ६ चौरस मैलांची होती, म्हणजे अरिनाशी काडीचाही संबंध नसलेले रस्तेसुद्धा त्यात होते, पुढे ती २ चौरस मैलांवर आणावी लागली.

(ओपनिंगची रात्र, फटाके, गर्दी.)

अरिना उघडलं ऑक्टोबर २०१० मध्ये. महिन्याभरानं, १६ नोव्हेंबरला पहिली मॅच, समोर बटलर युनिव्हर्सिटीची टीम, जे आदल्या सीझनला फायनलपर्यंत गेले होते, लुईव्हिलनं ८८-७३ जिंकली. आणि लोक आले हो. खरंच आले. मॅचला सरासरी २० हजारांच्या वर माणसं, देशात गर्दीच्या यादीत पहिल्या दोन-चारात. म्हणजे इमारत फेल गेली असं म्हणायची सोयच नाही.

पण गर्दीचा पैसा जातो कुठे? करार असा झाला होता की तारखांवर पहिला हक्क विद्यापीठाचा, आणि लक्झरी सुइट, महागड्या सीट्स, यातला बराचसा वाटा विद्यापीठाच्या स्पोर्ट्स विभागाचा. त्यामुळे २०१२ च्या आसपास एक अजब चित्र तयार झालं. फोर्ब्सनं लुईव्हिलला देशातली सर्वात मौल्यवान कॉलेज बास्केटबॉल टीम ठरवलं. आणि २०१३ ला त्याच टीमच्या घराचे बाँड मूडीज या रेटिंग कंपनीनं जंकमध्ये, म्हणजे पैसे बुडायची भीती असलेल्या गटात, टाकले. एकाच छताखाली भाडेकरू देशात सर्वात श्रीमंत आणि घरमालक कर्जात बुडालेला! बरं, खेळणाऱ्या पोरांना तेव्हा स्कॉलरशिपपलीकडे पगार म्हणून एक दमडी घ्यायची परवानगी नव्हती, ते वेगळंच.

मधला खड्डा भरत होतं शहर. लुईव्हिल महापालिकेनं आधीच लिहून दिलं होतं, वर्षाला किमान ६५ लाख डॉलर आम्ही देऊ, आणि कमी पडले तर ९८ लाखांपर्यंत देऊ. कमी पडायचेच. म्हणजे ज्यानं आयुष्यात एक मॅच बघितली नाही तोही नकळत तिकिटाचे पैसे भरत होता.

मला विचाराल तर विद्यापीठाला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे फ्रीडम हॉल होताच. आम्ही नाही येत जा, एवढं म्हटलं असतं तरी सगळी स्कीम झोपली असती, आणि हे समोरच्यांना माहीत होतं. ज्याला गरज नव्हती त्यानं अटी घातल्या आणि ज्यांना घाई होती त्यांनी सह्या केल्या.

(जून २०१६. रस्त्यावर फुलं, लोक.)

काही गोष्टी मात्र पैशात मोजता येत नाहीत, तेही सांगायला हवं. मुहम्मद अली याच शहरातले. जून २०१६ मध्ये त्यांची शोकसभा याच अरिनात झाली, जगभरातून माणसं आली.

(विधिमंडळाची इमारत, मग कोर्टवरचे बॅनर.)

२०१७ ला प्रकरण गळ्याशी आलं. कर्ज फिटणार नाही हे दिसत होतं, मग केंटकीच्या विधिमंडळानं टीआयएफची मुदत २५ वर्षांनी वाढवली, पार २०५४ पर्यंत. शहराचा हप्ता वर्षाला १ कोटी ८ लाख डॉलर झाला. विद्यापीठानंही वर्षाला २४ लाख २० हजार डॉलर जादा द्यायचं कबूल केलं, आणि त्यावर बाँड नव्यानं काढले गेले. मॅनेजमेंट २०१२ पासूनच राज्याची जत्रा भरवणाऱ्या बोर्डाकडून काढून एईजी या खासगी कंपनीला दिलं होतं, त्याचाही फायदा झाला.

आणि त्याच वर्षी कोर्टवरही ग्रहण लागलं. खेळाडूंच्या भरतीतल्या लाचखोरीची एफबीआयची चौकशी बाहेर आली, कोच रिक पिटिनो यांची ऑक्टोबरमध्ये हकालपट्टी झाली. आणि दुसऱ्या एका जुन्या प्रकरणात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, कॉलेज खेळांची देशातली संघटना एनसीएए, तिनं लुईव्हिलचं २०१३ चं नॅशनल टायटल रद्द केलं, बॅनर खाली उतरवला. टायटल रद्द करता येतं, कर्ज नाही!

मग आले वाईट सीझन. २०२२-२३ ला ४ जिंकल्या, २८ हरल्या. रिकाम्या सीट्स टीव्हीवर दिसायला लागल्या, आणि तेव्हा लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला की या सगळ्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली होती, टीम कायम जिंकत राहणार. ३५ कोटी डॉलर अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या फॉर्मवर! २०२४ ला नवीन कोच आले, पॅट केल्सी, आणि पहिल्याच सीझनला २७-८. गर्दी परत आली.

शहराचा हप्ता मात्र टीम जिंको वा हरो, भरायचाच आहे, आणि टीआयएफ संपेपर्यंत आज कोर्टवर धावणारी ही पोरं पन्नाशीला टेकलेली असतील.